प्रोसेसर झोपलेला असताना काम कोण करतं? मिक्स्ड-सिग्नल मायक्रोकंट्रोलर, आतून

बातम्यांत चिप म्हटलं की हल्ली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एआयवाली ती भलीमोठी, तापणारी, पंखे लावून थंड ठेवावी लागणारी चिप येते. पण २०२१ मध्ये जगभर चिपचा तुटवडा पडला आणि गाड्यांचे कारखाने अधूनमधून बंद ठेवायची वेळ आली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी अडलं होतं ते साध्या मायक्रोकंट्रोलरपाशी, म्हणजे काच वरखाली करणारी, दाब मोजणारी, बटण दाबलंय का ते बघणारी अशी जी चिप असते ना, ती. गाडीच्या मानाने हिची किंमत काहीच नाही, पण ती नसेल तर गाडी कारखान्याबाहेर पडत नाही.

या छोट्या चिपमध्येही एक जात अशी आहे की जिच्याबद्दल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांचाही गोंधळ होतो. नाव लांबलचक, प्रोग्रामेबल मिक्स्ड-सिग्नल मायक्रोकंट्रोलर. डेटाशीट (चिपची माहितीपत्रिका) उघडली की चौकटीच चौकटी, बाणच बाण, आणि माणूस गपचूप पीडीएफ बंद करतो (मीही केलीये, दोनदा). त्या चौकटींमध्ये नेमकं काय चालतं ते आज जरा निवांत बघू.

आधी साधा मायक्रोकंट्रोलर

कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, बाकीचं सामान वेगळं. मायक्रोकंट्रोलरमध्ये हे सगळं एकाच चिपवर कोंबलेलं असतं. १९८० मध्ये इंटेलने ८०५१ आणला, त्यात ४ किलोबाइट प्रोग्रामची जागा, १२८ बाइट रॅम, दोन टायमर आणि सिग्नल आत-बाहेर करायला ३२ पिना होत्या. १२८ बाइट म्हणजे किती, तर हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. तरी त्या चिपने वॉशिंग मशीनपासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत सगळं चालवलं, आणि तिचे वंशज अजून बनतायत.

८०५१ला एक गोष्ट मात्र कळत नव्हती. तिच्या पिनेवर काय आहे तर "आहे" किंवा "नाही", एवढंच. पाणी किती गरम आहे हे तिला थेट विचारता यायचं नाही, त्यासाठी शेजारी अजून एक चिप लावावी लागायची.

जग उताराचं, चिप पायऱ्यांची

तापमान २७ वरून २८ डिग्रीवर उडी मारून जात नाही, मधल्या प्रत्येक आकड्यावरून सरकत जातं. आवाज, उजेड, दाब, बॅटरीचं व्होल्टेज, सगळं असंच सलग उतारासारखं, याला म्हणायचं अ‍ॅनालॉग. प्रोसेसरला मात्र फक्त ० आणि १ कळतं, म्हणजे त्याच्यासाठी जग पायऱ्यांचं हवं. ते डिजिटल. आणि हे दोन्ही एकाच चिपवर नांदत असतील तर ती मिक्स्ड-सिग्नल चिप, बाकी या नावात काही गूढ नाहीये. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० या प्रसिद्ध मालिकेत एमएसपी म्हणजे मिक्स्ड सिग्नल प्रोसेसरच.

उताराच्या पायऱ्या करणारा जो भाग असतो त्याला एडीसी म्हणतात, आणि उलटं काम करणारा, म्हणजे आकड्यावरून व्होल्टेज बनवणारा, तो डीएसी. एडीसी १० बिटचा आहे म्हणजे तो १०२४ पायऱ्या करतो. ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्या केल्या की एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची पडते. आता एलएम३५ नावाचा तापमानाचा सेन्सर दर डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २७ डिग्रीला २७० मिलिव्होल्ट, एडीसी सांगणार ५५. आणि पायरी अर्ध्या डिग्रीची असल्यामुळे २७.१ आणि २७.३ यातला फरक या चिपला दिसणारच नाही, तुम्ही स्क्रीनवर दशांशानंतर चार आकडे छापा नाहीतर आठ. स्वस्तातल्या थर्मामीटरवर छापलेल्या त्या लांबलचक दशांशांवर म्हणूनच माझा विश्वास नसतो.

एडीसी मोजतो कसा

जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. एका पारड्यात वस्तू, आणि तुमच्याकडे ८, ४, २, १ अशी वजनं. आधी ८ ठेवायचं, जड झालं तर काढायचं, नाही झालं तर राहू द्यायचं, मग ४, मग २, मग १. चार वेळा ठेवून बघितलं की १६ शक्यतांपैकी कुठली ते कळलं. मायक्रोकंट्रोलरमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा एडीसी नेमकं हेच करतो, त्याला सार एडीसी म्हणतात, वजनांच्या जागी त्याच्याकडे छोटे-मोठे कॅपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) असतात आणि पारडं कुठे झुकलं हे सांगायला एक कंपॅरेटर. १२ बिट हवे असतील तर १२ वेळा तोलायचं, ४०९६ वेळा नाही, म्हणून तो भराभर होतो, सेकंदाला १० लाख मोजमापं वगैरे.

दुसरी एक जात आहे, डेल्टा-सिग्मा. ती घाई करत नाही. "जास्त की कमी, जास्त की कमी" असा एकच प्रश्न प्रचंड वेगाने विचारत राहते आणि शेवटी उत्तरांची सरासरी काढते. वेळ जास्त लागतो पण बारकावा भरपूर मिळतो. अशा काही चिपमध्ये २० बिटचा डेल्टा-सिग्मा असतो, म्हणजे १० लाखांवर पायऱ्या, २ व्होल्टच्या आवाक्यात बघितलं तर एक पायरी दोनेक मायक्रोव्होल्टची. तोलकाट्याच्या सेन्सरकडून येणारा पिटुकला सिग्नल मोजायला असलंच काहीतरी लागतं.

एक सापळा इथेच सांगतो. सिनेमात धावत्या गाडीचं चाक कधीकधी उलटं फिरताना दिसतं ना, कारण कॅमेरा ठराविक अंतराने फोटो घेतो आणि मधलं त्याला दिसत नाही. एडीसीचंही तसंच होतं, सिग्नल ज्या वेगाने वरखाली होतोय त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने मोजलं नाही तर भलताच सिग्नल दिसायला लागतो, आणि गंमत अशी की एकदा आकड्यांमध्ये तो खोटा सिग्नल आला की कितीही हुशार सॉफ्टवेअर लिहा, खरं-खोटं वेगळं करता येत नाही. म्हणून नको असलेली वेगवान थरथर एडीसीच्या आधीच गाळावी लागते, अ‍ॅनालॉगमध्ये. म्हणजे चिपला एडीसी दिला की काम झालं असं नाही, त्याच्या आधी फिल्टर हवा, सिग्नल बारीक असेल तर अ‍ॅम्प्लिफायर हवा. आणि नेमकं हे सामान दर प्रॉडक्टला वेगळं लागतं.

मग प्रोग्रामेबल म्हणजे काय? प्रोग्राम तर सगळ्याच चिपमध्ये टाकतात

खरा गोंधळ इथे होतो. साध्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम म्हणजे प्रोसेसरने एकामागून एक करायच्या कामांची यादी, आजूबाजूचं सामान मात्र कंपनीने ठरवून दिलेलं असतं, तीन टायमर, एक एडीसी, दोन सिरियल पोर्ट. तुम्हाला चौथा टायमर हवा आणि सिरियल पोर्ट एकही नको, तर काय करणार, वरची चिप घ्या.

आपण बोलतोय त्या जातीत मात्र ते सामानच पक्कं ठरलेलं नसतं. चिपवर कच्चे ब्लॉक असतात, काही डिजिटल, काही अ‍ॅनालॉग, आणि मधे तारांचं जाळं. कुठला ब्लॉक काय बनणार आणि कोण कोणाला जोडणार हे तुम्ही ठरवता. सायप्रेस कंपनीने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला पीसॉक नावाने ही कल्पना बाजारात आणली (२०२० मध्ये इन्फिनियनने ती कंपनी घेतली). पहिल्या पिढीतली एक गाजलेली चिप बघा: २४ मेगाहर्ट्झचा ८ बिटी प्रोसेसर, १६ किलोबाइट फ्लॅश (वीज गेली तरी न पुसली जाणारी मेमरी), फक्त २५६ बाइट रॅम, पण सोबत ८ डिजिटल ब्लॉक आणि १२ अ‍ॅनालॉग ब्लॉक. प्रोसेसर अगदीच बेताचा, सगळी श्रीमंती आजूबाजूला.

ठरवता म्हणजे कसं, तर रजिस्टरमध्ये बिट लिहून. रजिस्टर म्हणजे काही स्विचांची एक पट्टी समजा. हा स्विच चालू केला की अ‍ॅम्प्लिफायर १६ पट वाढवेल, तो चालू केला की त्याचं आउटपुट पलीकडच्या फिल्टरला जाईल. रेल्वेच्या यार्डात सांधे बदलतात तसं. सांधा एकदा बदलून ठेवला की नंतर गाड्या आपापल्या जातात, प्रत्येक गाडीला तिथे उभं राहून कोणी ढकलत बसत नाही. इथेही तसंच, बिट एकदा लिहिले की प्रोसेसर बाजूला होतो आणि सिग्नल आपला तारेतून वाहत राहतो.

बादलीने बनवलेला रेझिस्टर

आता या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग.

अ‍ॅनालॉग ब्लॉकचा गुण बदलायचा म्हणजे आतले रेझिस्टर (करंटला अडवणारे भाग) बदलायला हवेत. पण सिलिकॉनवर मोठा रेझिस्टर बनवायचा तर खूप जागा खातो, वर तो अचूकही निघत नाही. मग काय करायचं?

एका टाकीतून दुसऱ्या टाकीत पाणी न्यायचंय. एक मार्ग म्हणजे बारीक नळी, नळी जितकी बारीक तितकं पाणी हळू. दुसरा मार्ग म्हणजे बादली, इकडे भरायची, तिकडे ओतायची. लांबून बघणाऱ्याला दोन्हीकडे पाणी हळूहळू जातानाच दिसतं. आणि बादलीचा फायदा असा की खेपा वाढवल्या की प्रवाह वाढतो, कमी केल्या की कमी होतो, नळी बदलायची गरजच नाही.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये कॅपॅसिटर ही बादली. स्विचने तो इकडे जोडून चार्ज भरायचा, मग तिकडे जोडून ओतायचा. एका पिकोफॅरडचा इवलासा कॅपॅसिटर सेकंदाला १० लाख वेळा असा हलवला तर तो १० लाख ओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो, आणि खेपा अर्ध्या केल्या की २० लाख ओहमसारखा. म्हणजे क्लॉकचा, या खेपांना ठोका देणाऱ्या सिग्नलचा, वेग बदलला की रेझिस्टर बदलला, रेझिस्टर बदलला की फिल्टर बदलला! याला स्विच्ड-कॅपॅसिटर म्हणतात. वर सांगितलेल्या चिपमधल्या १२ अ‍ॅनालॉग ब्लॉकपैकी ८ याच जातीचे होते.

यात अजून एक खुबी आहे. कारखान्यातून निघालेल्या दोन चिपमध्ये कॅपॅसिटरची किंमत थोडी इकडेतिकडे होतेच, पण एकाच चिपवर शेजारी शेजारी बनलेल्या दोन कॅपॅसिटरचं एकमेकांशी गुणोत्तर मात्र जवळपास अचूक राहतं, आणि या सर्किटची वागणूक गुणोत्तरावर आणि क्लॉकवर अवलंबून असते, एकट्या कॅपॅसिटरच्या किमतीवर नाही. म्हणजे डिझाइन असं केलंय की जी गोष्ट अचूक बनवता येत नाही तिच्यावर फारसं काही अवलंबूनच ठेवलेलं नाही.

फुकट काहीच नसतं म्हणा. बादली ओतताना पाणी उडतं तसं या स्विचिंगने आवाज होतो, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइज. शिवाय बादलीच्या खेपा म्हणजे एक प्रकारे थांबून थांबून मोजणंच, त्यामुळे मघाचा उलट्या चाकाचा सापळा इथेही लागू. म्हणून बाकीचे ४ ब्लॉक साध्या, सलग पद्धतीचे ठेवले होते, आत येणारा सिग्नल आधी त्यांच्याकडून वाढवून घ्यायचा आणि मग बादलीवाल्यांकडे द्यायचा.

डिजिटल बाजूला काय

इथे गोष्ट तुलनेने सरळ आहे. नंतरच्या पीसॉक ५ एलपीमध्ये प्रोसेसर एआरएमचा कॉर्टेक्स-एम३ आला आणि डिजिटल ब्लॉक २४ पर्यंत गेले. प्रत्येक ब्लॉकमध्ये थोडंसं लॉजिक, म्हणजे "हे आणि ते असेल तर", "हे किंवा ते" असले नियम बसवायची जागा, आणि सोबत बेरीज-वजाबाकी-तुलना करणारा ८ बिटांचा छोटासा हिशेबनीस. दोन ब्लॉक जोडले की १६ बिट. यातून टायमर बनवा, काउंटर बनवा, पीडब्ल्यूएम बनवा (पीडब्ल्यूएम म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून सरासरी ताकद कमीजास्त करणं, एलईडी मंद करतात ते तसंच).

आणि हे ब्लॉक चालू असताना बदलताही येतात. समजा एखादं विक्रीचं मशीन आहे, दिवसभर चिपमधले ब्लॉक नाणी ओळखायला वापरायचे आणि रात्री तेच ब्लॉक मोडून मोडेम बनवायचा, त्यावरून मालाचा हिशेब पाठवायचा, सकाळी परत नाणी. तेच सिलिकॉन, दोन पाळ्या.

प्रोसेसर झोपलेला असताना

पण एवढा उपद्व्याप कशासाठी, सगळं प्रोसेसरवरच सॉफ्टवेअरने केलं तर काय बिघडतं? प्रोसेसर तर आता भरपूर वेगवान आहेत.

याचं उत्तर एका मोटरवर सांगतो. मोटर अडकली की करंट एकदम वाढतो आणि तो लगेच तोडला नाही तर ती चालवणारे ट्रान्झिस्टर जळतात. सॉफ्टवेअरचा मार्ग असा: एडीसीने मोजायचं, प्रोसेसरला इंटरप्ट द्यायचा, म्हणजे हातातलं काम सोडून इकडे बघ अशी हाक मारायची, मग त्याने आकडा तपासून मोटर बंद करायची. कॉर्टेक्स-एम३ला नुसत्या हाकेला ओ द्यायलाच क्लॉकचे १२ ठोके लागतात, पुढे कोड चालायचा वेळ वेगळा, आणि त्याच क्षणी तो जास्त महत्त्वाच्या दुसऱ्या हाकेत गुंतलेला असेल तर अजून उशीर. आणि प्रोग्राम हँग झाला असेल तर मग विषयच संपला.

हार्डवेअरचा मार्ग: करंटचा सिग्नल कंपॅरेटरला द्यायचा, दुसऱ्या बाजूला डीएसीने मर्यादेचं व्होल्टेज लावायचं, आणि कंपॅरेटरचं आउटपुट चिपच्या आतूनच पीडब्ल्यूएमच्या बंद करायच्या तारेला जोडायचं. बस. मर्यादा ओलांडली की मोटर बंद, प्रोसेसरला नंतर कळवलं तरी चालेल. प्रोग्राम हँग असला तरी हे चालतं, कारण या मार्गावर प्रोग्राम येतच नाही.

बॅटरीचा हिशेबही इथेच लागतो. नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. प्रोसेसर सतत जागा राहून ५ मिलिअँपिअर खात असेल तर सेल ४४ तासांत संपला, दोन दिवसही नाही. तोच झोपून १ मायक्रोअँपिअरवर राहिला तर कागदावर २५ वर्षं निघतात, म्हणजे सेल त्याआधी म्हातारपणाने जाईल. आता मधलं काहीतरी हवं असतं, की कोणीतरी थोडंसं जागं राहून लक्ष ठेवावं आणि गरज लागली तरच प्रोसेसरला उठवावं. ते कोणीतरी म्हणजे हे ब्लॉक. या चिपवर डिझाइन करताना मी आधी प्रोसेसरने काय काय करायचं नाही त्याची यादी करतो आणि कोडला नंतर हात लावतो.

बोटाने चालणाऱ्या टच बटणांचंही असंच. बोट जवळ आलं की बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीचा कॅपॅसिटन्स किंचित वाढतो, पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तो बदल ओळखायला अ‍ॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही सामान लागतं, आणि ते तर या चिपवर होतंच, त्यामुळे काही आयपॉडच्या त्या गोल क्लिक-व्हीलमागे पीसॉक बसली होती.

"मग एफपीजीएच का नाही वापरायचा?"

एफपीजीए म्हणजे हजारो-लाखो लॉजिकचे तुकडे असलेली चिप, तिच्यात हवं ते डिजिटल सर्किट बनवता येतं, अगदी पूर्ण प्रोसेसरसुद्धा. प्रश्न बरोबर आहे. पण बहुतेक एफपीजीएत अ‍ॅनालॉग अगदीच जुजबी किंवा नाहीच, वीज जास्त खातात, आणि एक बटण आणि दोन टायमरसाठी एफपीजीए लावणं म्हणजे सुई न्यायला ट्रक बोलावणं. मधल्या वाटेवर प्रयोग झालेत, २०१० मध्ये अ‍ॅक्टेलने स्मार्टफ्यूजन आणली, तिच्यात कॉर्टेक्स-एम३, एफपीजीए आणि प्रोग्रामेबल अ‍ॅनालॉग तिन्ही होतं. अवजड सिग्नल प्रोसेसिंग असेल तर खुशाल एफपीजीए घ्या, माझं काही म्हणणं नाही.

"वेगळ्या चिप लावल्या तर जास्त चांगलं नाही का होणार?"

कधीकधी हो! आणि हे लपवण्यात अर्थ नाही. चिपच्या आतला ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा मूळ ब्लॉक) सर्वसाधारण असतो, बाहेरचा खास मिळणारा ऑप-अँप नॉइजमध्ये, अचूकतेत त्याला आरामात हरवतो. ईसीजीच्या दर्जाचं काहीतरी करायचं असेल तर बाहेरचं सामान लावाच. पण दर बाहेरच्या चिपमागे बोर्डावर जागा, सोल्डरचे सांधे, अजून एक पुरवठादार, आणि डिझाइन चुकलं तर बोर्ड नव्याने बनवणं. आत असेल तर गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) १६ चा ८ करायला एक ओळ बदलायची, कोड परत बर्न करायचा, चहाच्या आत काम होतं.

अ‍ॅनालॉग आणि डिजिटल शेजारी राहिले की भांडणार

हा आक्षेप सगळ्यात खरा, आणि मी तो भोगलेला आहे. एका बोर्डावर वरचाच एलएम३५ लावला होता, सगळं छान चालू होतं, आणि मोटर सुरू झाली की तापमान दोन डिग्रीने उडी मारायचं, मोटर थांबली की परत खाली. दोन दिवस मी सॉफ्टवेअरमध्ये सरासऱ्या काढत बसलो, ८ ची, ३२ ची, १२८ ची, उडी तशीच. मग लक्षात आलं की मोटरचा परतीचा करंट आणि सेन्सरचा ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) बोर्डावर एकाच ट्रॅकवरून, म्हणजे तांब्याच्या पट्टीवरून जातोय. ट्रॅकचा रेझिस्टन्स फक्त १० मिलिओहम धरा, करंट २ अँपिअर, गुणाकार केला की २० मिलिव्होल्ट. सेन्सर दर डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो. दोन डिग्री! चिप बिचारी अगदी बरोबर मोजत होती, तिच्या पायाखालची जमीनच २० मिलिव्होल्टने सरकत होती.

चिपच्या आतही हेच छोट्या प्रमाणात होतं, लाखो ट्रान्झिस्टर एकाच ठोक्यावर चालू-बंद होतात तेव्हा सप्लाय हलतो. म्हणून अशा बऱ्याच चिपला अ‍ॅनालॉगचा सप्लाय आणि ग्राउंड वेगळ्या पिनांवर दिलेला असतो, आणि त्या पिनांशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा असं डेटाशीट कानीकपाळी ओरडून सांगते. लावा. शेजारी म्हणजे शेजारी, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला जागा उरली म्हणून तिथे नाही. काही एडीसींमध्ये मोजायच्या क्षणापुरता प्रोसेसरला झोपवायची सोय असते ती पण याचसाठी, पाहुण्यांचा फोन आला की घरातला टीव्ही बंद करतो तशी.

मोबाइलच्या चिप ५ आणि ३ नॅनोमीटरवर गेल्या तरी असले मायक्रोकंट्रोलर अजून ४०, ९०, १३० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्रावर बनतात, त्यामागेही थोडंफार हेच आहे. डिजिटल ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की फायदाच होतो, अ‍ॅनालॉगचा कॅपॅसिटर मात्र लहान केला की अचूकता जाते आणि नॉइज वाढतो. शिवाय आतली फ्लॅश मेमरी फार बारीक तंत्रावर बसवणं अवघड आणि महाग. त्यामुळे जुनं तंत्र म्हणजे मागासलेपण असं इथे समजू नका.

एवढं चांगलं आहे तर सगळे का नाही वापरत?

एक कारण म्हणजे अडकून पडणं. कोड सी भाषेत लिहिला असेल तर थोड्या कष्टाने दुसऱ्या कंपनीच्या चिपवर नेता येतो, पण ब्लॉकची मांडणी त्या एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच चिपसाठी केलेली असते. ती चिप मिळेनाशी झाली की अर्धं डिझाइन परत करा. तुटवड्याच्या वर्षांनी हा धडा महागात शिकवला, आणि तेव्हापासून बरेच जण सहज बदलता येईल अशी साधी चिप बरी म्हणतात. दुसरं कारण असं की साध्या चिपच आता भरगच्च झाल्यात, पाच टायमर हवे असतील तर पंधरा देतात, न वापरलेले गेले उडत.

पण कल्पना मेलेली नाही, ती तुकड्या-तुकड्यांनी सगळीकडे शिरलीये. मायक्रोचिप कंपनीच्या पिक नावाच्या छोट्या मायक्रोकंट्रोलरमध्ये जुळवता येणारे लॉजिकचे तुकडे आले, एसटी कंपनीच्या काही मालिकांत ऑप-अँप आणि कंपॅरेटर आतच आले. आणि २०२१ च्या जानेवारीत रास्पबेरी पायने आरपी२०४० आणली, तिच्यात आठ छोटी यंत्रं आहेत जी फक्त पिना हलवायचं काम करतात, प्रोसेसरला न विचारता, आणि हौशी लोकांनी त्यावरून थेट मॉनिटरला चित्र पाठवून दाखवलं. अ‍ॅनालॉग त्यात साधंच आहे, पण प्रोसेसरला बाजूला ठेवण्याचा विचार तोच.

सुरुवात करणार असाल तर

या चिपसोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक माउसने ओढून तारा जोडल्या की मागे सगळे बिट आपोआप तयार होतात, त्यामुळे सुरुवात सोपी वाटते. पण कधीतरी तो तयार झालेला कोड उघडून रजिस्टर वाचा, कारण काहीतरी चुकलं की डिबगर फक्त प्रोसेसर कुठल्या ओळीवर आहे ते दाखवतो, ब्लॉकमधून काय वाहतंय ते त्याला दिसत नाही. तिथे ऑसिलोस्कोपच (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो. एखादी मोकळी पिन असेल तर आतला सिग्नल तात्पुरता तिच्यावर काढून बघायचा, सांधे बदलता येतात याचा हा एक फायदा.

आणि एक, जे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन ट्रान्झिस्टर वाचले असते. ही सगळी मांडणी ज्या रजिस्टरमध्ये असते ती वीज गेली की पुसली जातात, दर वेळी चालू होताना फ्लॅशमधून परत भरली जातात. त्या मधल्या काही मिलिसेकंदात पिना धड चालूही नसतात धड बंदही नसतात, हवेत लटकत असतात. तेवढ्यात मोटरचा ट्रान्झिस्टर स्वतःच चालू होऊ शकतो, आणि वर कौतुकाने सांगितलेलं ते हार्डवेअरचं संरक्षण तेव्हा जन्मालाच आलेलं नसतं. म्हणून ट्रान्झिस्टरच्या गेटवरून (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावरून) ग्राउंडला एक १० किलोओहमचा रेझिस्टर टाकून ठेवायचा. बादलीवाला नाही, साधा, बाहेरून सोल्डर केलेला.